आधी हद्द विचारा : इंग्लंडमधली पॅरिश, तिथले रस्ते आणि जुनी घरं

माझे बाबा तलाठी होते. सगळी नोकरी गावाच्या दप्तरात गेली, आणि रिटायर झाल्यावर मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे यॉर्कशायरला राहायला आले तेव्हा मी त्यांना यॉर्क दाखवायला घेऊन गेले. आईला मोठं मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं मुख्य चर्च, आवडलं, पण बाबा मात्र प्रत्येक पाटीसमोर थांबायचे आणि दुपारपर्यंत त्यांचा एकच प्रश्न झाला होता, "अगं, सगळीकडे हे पॅरिश पॅरिश लिहिलंय, ते नक्की काय? चर्च, का गाव, का वॉर्ड?"

मी म्हटलं चर्चचा भाग. तसं म्हटलं तर बरोबर, पण अगदीच अर्धवट उत्तर होतं ते, आणि मग गेले कित्येक महिने मी याच्या मागे लागले. आता मला वाटतं की इंग्लंडमधल्या कुठल्याही गावाचा, रस्त्याचा किंवा घराचा इतिहास शोधायचा असेल तर पहिला प्रश्न "हे कधी बांधलं" हा विचारायचाच नाही, पहिला प्रश्न "हे कुठल्या पॅरिशमध्ये येतं" हा. कारण पॅरिश म्हणजे मुळात एक हद्द आहे, गावाची शीव असते तशी, आणि इंग्लंडमधला जवळजवळ सगळा जुना कागद त्या हद्दीनुसार लागलेला आहे.

ही हद्द आली कुठून, तर पैशातून. मध्ययुगात प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा असा नियम होता, त्याला टाईद म्हणायचे. धान्याचा दहावा भाग, गवताचा, लोकरीचा, कोकरांचा, अगदी अंड्यांचासुद्धा. आता दहावा हिस्सा द्यायचा म्हटल्यावर कुणाला द्यायचा हे ठरवायला नको का? ओढ्याच्या अलीकडचं शेत या चर्चचं, पलीकडचं त्या चर्चचं, अशा रेषा पडत गेल्या आणि साधारण बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत त्या बऱ्यापैकी पक्क्या झाल्या. रेक्टर आणि व्हिकार हे दोन शब्द पण इथलेच. धान्य-गवताचा मोठा टाईद ज्याच्या हक्काचा तो रेक्टर, पण पुष्कळ ठिकाणी हा हक्क एखाद्या मठाकडे जायचा, आणि मग मठ आपल्या वतीने जो पाद्री नेमायचा तो व्हिकार, त्याच्या वाट्याला भाजी-फळं, कोंबड्या-डुकरं असला छोटा टाईद. त्यामुळे एखाद्या गावात जुनं घर ओल्ड रेक्टरी आहे का ओल्ड व्हिकारेज एवढ्यावरूनसुद्धा त्या गावाचं धान्य कुणाच्या कोठारात जायचं याचा अंदाज येतो.

नकाशे नव्हते तेव्हा हद्द लक्षात कशी ठेवायची? त्यावर लोकांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. वर्षातून एकदा, ईस्टरनंतरच्या पाचव्या रविवारी आणि पुढच्या तीन-चार दिवसांत, सगळं गाव पाद्र्यासोबत हद्दीवरून चालत जायचं, काठ्यांनी हद्दीचे दगड बडवायचे, आणि सोबत लहान पोरं मुद्दाम न्यायची, कारण सगळ्यात जास्त वर्षं तीच जगणार. पोरांना कधी दगडावर आपटायचे, कधी ओढ्यात ढकलायचे, म्हणजे पन्नास वर्षांनी वाद झाला तर म्हातारा झालेला तो पोरगा शपथेवर सांगेल की हो, हद्द इथूनच जाते, मला इथेच आपटलं होतं. ऑक्सफर्डला सेंट मायकल ॲट द नॉर्थगेट या चर्चची मंडळी असेन्शन डेला, म्हणजे येशू स्वर्गात गेल्याच्या सणाला, अजून हे करतात, आणि मधल्या काळात हद्दीच्या खुणांवर दुकानं उभी राहिली म्हणून काठ्या घेऊन सरळ दुकानांत शिरतात. बाबांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत, म्हणाले की शीव दाखवायला आम्हीपण गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाच पुढे घ्यायचो.

सोळाव्या शतकात ट्यूडर घराण्यातल्या राजांनी देशभर नवनवीन कामं लावायला सुरुवात केली, पण गावोगाव सरकारी माणसं नव्हती. हाताशी तयार होती ती पॅरिश, मग सगळं तिच्या गळ्यात टाकलं. १५५५ च्या कायद्याने रस्ते दुरुस्त करणं पॅरिशकडे आलं, प्रत्येक घराने वर्षातले चार दिवस रस्त्यावर फुकट राबायचं, पुढे १५६३ मध्ये ते सहा झाले. १६०१ च्या कायद्याने गरिबांना सांभाळणं पॅरिशचं काम झालं, त्यासाठी घर-जमीनवाल्यांवर पट्टी बसवायची, ती गोळा करून वाटायला ओव्हरसीअर नेमायचा. हे सगळे निर्णय ज्या बैठकीत व्हायचे तिला व्हेस्ट्री म्हणतात, कारण ती चर्चमधल्या पाद्र्याचे कपडे ठेवायच्या खोलीत, म्हणजे व्हेस्ट्रीत, भरायची.

आणि इथे तो भाग येतो जो वाचताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. गरिबाला पैसे द्यायचे तर पॅरिशने, पण कुठल्या? १६६२ च्या सेटलमेंटच्या कायद्याने ठरलं की प्रत्येक माणसाची एक हक्काची पॅरिश असते, आणि नव्या जागी येऊन राहिलेला माणूस उद्या आपल्या पट्टीवर भार होईल असं वाटलं तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला परत पाठवता येतं. हक्क मिळायचा तो बापाकडून, नवऱ्याकडून, एखाद्या धंद्यात शागिर्दी केली तर, वर्षाला दहा पौंड भाड्याचं घर घेतलं तर, किंवा लग्न न झालेल्या माणसाने एके ठिकाणी सलग वर्षभर नोकरी केली तर. मग मालक काय करायचे, गड्याला ५१ आठवडे ठेवायचे आणि वर्ष भरायच्या आत काढून टाकायचे, म्हणजे त्याचा हक्क लागू नये. (आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टवर काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.) दिवस गेलेल्या एकट्या बाईला तर घाईघाईने हद्दीपार करायचे, कारण मूल ज्या पॅरिशमध्ये जन्मेल त्या पॅरिशच्या गळ्यात पडायचं.

पण या दुष्टपणातूनच इतिहासाला एक मोठी गोष्ट मिळाली. परत पाठवायच्या आधी त्या माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून विचारायचे, कुठे जन्मलास, कुणाकडे किती वर्षं राबलास, पगार काय होता, लग्न कुठे झालं, पोरं किती. हे सगळं लिहून घेतलेले कागद अजून आहेत. ज्या माणसाने जन्मात एक पत्र लिहिलं नाही, ज्याच्या नावाचा दगडसुद्धा नाही, त्याची आख्खी हकीकत एका पानावर सापडते. राजाराण्यांचा इतिहास सगळीकडेच सापडतो, पण शेतमजुराचा इतका तपशील मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

आता रजिस्टर. ५ सप्टेंबर १५३८ ला आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने एक वही ठेवायची, त्यात बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं दर रविवारी लिहायची, आणि ती वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी चर्चवॉर्डनकडे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्याकडे. सुरुवातीच्या पुष्कळ वह्या साध्या कागदाच्या होत्या, म्हणून १५९८ मध्ये सांगितलं की हे सगळं चामड्याच्या पानांवर उतरवून काढा, निदान राणी एलिझाबेथ गादीवर आली तेव्हापासूनचं तरी. ती आली १५५८ ला. आता लिहिणाऱ्याला एवढी सूट दिल्यावर तो काय करणार, पुष्कळांनी मागची वीस वर्षं सरळ सोडून दिली, आणि म्हणून आज कितीतरी पॅरिशचं रजिस्टर १५३८ ऐवजी १५५८ पासूनच सुरू होतं.

रजिस्टर वाचताना दोन गोष्टींत सगळे फसतात, मीपण फसले. एक म्हणजे त्यात जन्म आणि मृत्यू नसतात, बाप्तिस्मा आणि दफन असतं, त्यामुळे मूल बाप्तिस्म्याच्या वेळी चार दिवसांचंही असेल नाहीतर चार वर्षांचंही. दुसरी गोष्ट वर्षाची. १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये नवं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नव्हतं, २५ मार्चला व्हायचं. समजा रजिस्टरमध्ये लग्न एप्रिल १६४२ चं दिसलं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६४२ चा, तर आपण म्हणणार की अरे बापरे, लग्नाआधीच! पण तो फेब्रुवारी एप्रिलच्या नंतरचा आहे, आपल्या हिशेबाने १६४३ चा, लग्नाला दहा महिने होऊन गेलेत. त्या बिचारीची तीनशे-चारशे वर्षांनी उगाच बदनामी नको.

पॅरिशच्या आकाराचं मात्र काही खरं नसायचं. लंडनच्या जुन्या सिटीत, म्हणजे जेमतेम एक चौरस मैलात, १६६६ च्या आगीआधी शंभराहून जास्त पॅरिश होत्या, आणि इकडे यॉर्कशायरमध्ये एकट्या हॅलिफॅक्सची पॅरिश शंभर चौरस मैलांपेक्षा मोठी होती. त्यामुळे उत्तरेकडे मोठ्या पॅरिशचे टाउनशिप असे तुकडे करून गरिबांचा कारभार तिथून चालवायचे. पुढे १८६६ मध्ये चर्चची पॅरिश वेगळी आणि कारभाराची सिव्हिल पॅरिश वेगळी झाली, १८९४ मध्ये सिव्हिल पॅरिशला निवडून दिलेली काउन्सिल मिळाली, आणि त्या दोघींच्या हद्दी तेव्हापासून वेगवेगळ्या बदलत गेल्या. आज गावातली बाकं, पोरांची खेळायची जागा, भाजी लावायचे वाफे बघणारी पॅरिश काउन्सिल ही, चर्चशी तिचा संबंध नाही.

आता यॉर्कच्या रस्त्यांवर या. तिथे एक म्हण सारखी ऐकू येते की आमच्याकडे रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब म्हणतात. व्हायकिंग लोकांनी ८६६ मध्ये हे शहर घेतलं आणि त्यांच्या भाषेत गाटा म्हणजे रस्ता, तोच हा गेट. मिकलगेट म्हणजे मोठा रस्ता. कॉपरगेटचा तांब्याशी संबंध नाही, लाकडाचे पेले घडवणाऱ्यांची ती आळी, आणि १९७६ ते १९८१ तिथे खणलं तेव्हा लाकूड कातण्याचा कचरा खरोखरच निघाला. स्टोनगेट म्हणजे फरसबंद रस्ता, आणि तो तर व्हायकिंगांच्याही आधीच्या, रोमन छावणीच्या मुख्य रस्त्यावरून जातो. शहराच्या तटबंदीला ज्या वेशी आहेत त्या बार, मिकलगेट बार, मंक बार, बूथम बार, वॉमगेट बार.

यातला एक रस्ता अगदी आखूड, आणि नाव त्याच्याहून लांब : व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट. नाव ऐकलं की चाबूकच आठवतो, आणि तशी गोष्टही सांगितली जाते की इथे लोकांना फटके मारायचे. पण १५०५ च्या कागदात हे नाव व्हिटनॉरव्हॉटनॉरगेट असं येतं, त्यात चाबूक नाही, आणि अर्थ लावलाय तो साधारण "हा कसला रस्ता!" असा. नावावरून गोष्ट बनवणं सोपं असतं, जगात सगळीकडे तेच होतं, म्हणून नावाचं सगळ्यात जुनं स्पेलिंग शोधल्याशिवाय अर्थावर विश्वास ठेवू नये.

जवळच शॅम्बल्स आहे, खाटकांची गल्ली. मांस मांडायच्या फळ्यांवरून ते नाव पडलं. वरचे मजले इतके पुढे आलेत की समोरासमोरच्या घरांतून हात मिळवता येईल असं वाटतं, खिडक्यांखाली रुंद फळ्या आणि वर मांस टांगायचे लोखंडी आकडे अजून दिसतात. इथे मार्गारेट क्लिथरो नावाची खाटकाची बायको राहायची. कॅथलिक पाद्र्यांना लपवलं म्हणून तिच्यावर खटला झाला, तिने कोर्टात गुन्हा कबूलही केला नाही आणि नाकारलाही नाही, आणि त्याची शिक्षा म्हणून २५ मार्च १५८६ ला तिला वजनाखाली चिरडून मारलं. १९७० मध्ये तिला संत ठरवलं. शॅम्बल्समध्ये ३५ नंबरच्या घरात तिचं छोटं प्रार्थनास्थळ आहे, लोक येतात, डोकं टेकवतात. पण मधल्या काळात रस्त्यावरचे घरांचे नंबर बदलले होते, आणि ती बहुतेक समोरच्या बाजूच्या १० नंबरच्या घरात राहत असावी असं आता मानतात. श्रद्धेला त्याने काही फरक पडत नाही, पडूही नये, पण घर शोधणाऱ्याने घर नंबरवर कधीच विसंबू नये.

गाय फॉक्सचं पण असंच, १६०५ मध्ये पार्लमेंट उडवायच्या कटातला तो. तो यॉर्कचाच. कुठल्या घरात जन्मला यावर स्टोनगेट आणि पीटरगेट दोघांचा दावा आहे. पण १६ एप्रिल १५७० ला त्याचा बाप्तिस्मा सेंट मायकल ल बेलफ्री चर्चमध्ये झाला हे तिथल्या रजिस्टरमध्ये आहे. म्हणजे घर माहीत नाही, पॅरिश पक्की माहीत आहे.

घरांबद्दल बोलायचं तर मला गुडरमगेटवरची लेडी रो दाखवायचीच होती. पांढऱ्या गिलाव्याची बुटकी चाळच ती, वरचा मजला जरासा रस्त्यावर झुकलेला, १३१६ च्या सुमाराची, यॉर्कमधली सगळ्यात जुनी टिकलेली घरांची रांग. एका घरात खाली एक खोली, वर एक खोली, बस. मागे होली ट्रिनिटी चर्च आहे आणि ही चाळ त्या चर्चच्याच आवारात बांधली, भाडं यायचं त्यातून मेरीमातेच्या वेदीपुढे प्रार्थना म्हणणाऱ्या पाद्र्याचा पगार निघावा म्हणून. देवळाच्या जागेत दुकानं काढून दिवाबत्तीचा खर्च भागवतात तसंच. एका कमानीतून आत गेलं की रस्त्याचा आवाज एकदम बंद होतो. चर्चमध्ये फरशी लाटांसारखी वरखाली झालेली आणि बसायला कमरेएवढ्या लाकडी खोक्यांसारख्या जागा, प्रत्येकीला दार, कारण कुठल्या घराने कुठे बसायचं हेसुद्धा पॅरिशमध्ये ठरलेलं असायचं. बाबांनी एक दार उघडलं आणि पुन्हा हळूच लावलं, आवाज न करता.

जुन्या घराचा चेहरा नेहमी खरा नसतो. यॉर्कमध्ये पुढे अठराव्या शतकातली नेटकी विटांची भिंत आणि मागे दोन-तीनशे वर्षं आधीचा लाकडी सांगाडा असं खूपदा असतं, फॅशन आली म्हणून फक्त दर्शनी भाग बदलायचा. म्हणून घर बघताना बाजूच्या बोळातून मागे जाऊन छप्पर बघावं. बुजवलेल्या खिडक्यांबद्दल सगळे गाइड खिडकीपट्टी, म्हणजे खिडक्यांवरचा कर, हे कारण सांगतात, ती १६९६ ते १८५१ होती हे खरं, पण कित्येक खोट्या खिडक्या नुसत्या सिमेट्रीसाठी पहिल्यापासूनच बंद बांधलेल्या आहेत.

अशी घरं वाचतात ती यादीमुळे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने इतकं काही गेलं की १९४४ आणि १९४७ च्या कायद्यांनी सरकारने इमारतींची यादी करायला घेतली. १७०० च्या आधीची बऱ्यापैकी मूळ रूपात टिकलेली सगळी घरं त्यात येतात, आणि ग्रेड वन, ग्रेड टू स्टार, ग्रेड टू असे तीन दर्जे, त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त साधी ग्रेड टू. लोकांना वाटतं यादी म्हणजे फक्त समोरची भिंत, पण आतला जिना, दारं, शेकोटीसुद्धा त्यात येते, परवानगीशिवाय काढलं तर गुन्हा होतो. यादीत नसलेल्या घराचा वापर बदलायलासुद्धा परवानगी लागू शकते, आणि ते आपल्या मंडळींनी लंडनमध्ये अनुभवलंय. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, पण राहत्या घराचं स्मारक करायला कॅम्डेनच्या काउन्सिलने नकार दिला, अपील झालं, आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली.

बाबा जायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना ऑनलाइन एक टाईद मॅप काढून दाखवला, यॉर्कबाहेरच्या एका गावाचा. १८३६ च्या कायद्याने धान्याच्या टाईदऐवजी रोख पैसे ठरवले, त्यासाठी इंग्लंड-वेल्सच्या बऱ्याच मोठ्या भागाचे असे नकाशे झाले. प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि सोबतच्या यादीत मालक कोण, कसतो कोण, शेताचं नाव, पीक का कुरण, क्षेत्र आणि आकारलेली रक्कम. बाबा खुर्ची ओढून स्क्रीनजवळ सरकले. "हा तर सातबारा आहे!" मग क्षेत्राचे कॉलम दिसले, एकर, रूड, पर्च. मी सांगितलं चार रूडांचा एकर, चाळीस पर्चचा रूड. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "म्हणजे रूड आपले दहा गुंठे झाले, आणि चार पर्चचा एक गुंठा." त्यानंतर तासभर ते शेजारच्या शेतांची बेरीज करत बसले होते, एका ठिकाणी जमली नाही तर पुन्हा केली.

शेवटच्या दिवशी परत यॉर्कला गेलो, किंग्ज स्क्वेअरमध्ये. शॅम्बल्सच्या वरच्या टोकाचा हा चौक, जादूचे खेळ करणारे असतात, लोक चिप्स खात बसलेले. इथे एक चर्च होतं, होली ट्रिनिटी किंग्ज कोर्ट, ते १९३७ मध्ये पाडलं, आणि त्याचे काही थडग्यांचे दगड चौकाच्या फरशीत तसेच आहेत, अक्षरं झिजलेली. बाबांच्या बुटाखाली एक दगड होता. त्यांनी पाय बाजूला घेतला, वाकून वाचायचा प्रयत्न केला, नाव काही लागलं नाही. मग सरळ उभे राहून मला म्हणाले, "चर्च पाडलं ते ठीक, पण दप्तर कुठे गेलं?"

यॉर्कच्या जुन्या पॅरिशांची दप्तरं आता युनिव्हर्सिटीतल्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मी तसं सांगितलं, तर त्यांनी घड्याळात बघितलं आणि विचारलं की ते किती वाजेपर्यंत उघडं असतं.